मराठवाड्यातल्या गढ्या आणि वाडे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यातल्या बहुतेक जुन्या गावांत एक तरी गढी असते. कुठे तिचे चारही बुरूज उभे आहेत, कुठे दरवाजाची कमान तेवढी उरली आहे, तर कुठे नुसतं मातीचं टेकाड आणि त्यावर वाढलेल्या वेड्या बाभळी. गावात शिकणारी मुलं, शहरात स्थायिक झालेले वारस, वास्तुकलेचे विद्यार्थी आणि ग्रामपंचायतीचे सदस्य जे प्रश्न नेहमी विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. पराक्रमाच्या आणि गुप्तधनाच्या कथा प्रत्येक गावात भरपूर आहेत. इमारत कशी उभी राहिली आणि कशामुळे पडते, याबद्दल मात्र फारसं बोललं जात नाही, म्हणून या पानावर भर त्यावर आहे.

गढी, वाडा आणि किल्ला यांत फरक काय?

किल्ला सत्तेचा. कंधार, औसा, उदगीर, परांडा, नळदुर्ग, धारूर हे किल्ले. तिथला किल्लेदार सुलतानाने, बादशहाने किंवा निजामाने नेमलेला असे आणि राज्य बदललं की तोही बदले. गढी वतनदाराची, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या त्याच घराण्याची. तिथे राहणं आणि संरक्षण या दोन्ही गोष्टी एकाच तटाच्या आत असत. वाडा म्हणजे मोठं, चौक असलेलं घर. बहुतेक गढ्यांच्या पोटात वाडा असतो, पण प्रत्येक वाड्याभोवती गढी नसते. मोठ्या गावात देशमुखांची गढी, देशपांड्यांचा वाडा आणि पाटलांचा वाडा असे तिन्ही वेगवेगळे सापडतात.

गढ्या कोणी बांधल्या आणि का?

परगण्याचा वसुली अधिकारी देशमुख आणि परगण्याचा हिशेब राखणारा देशपांडे. गावपातळीवर तीच कामं पाटील आणि कुलकर्णी करत. चौदाव्या शतकातल्या बहमनी राज्यापासून पुढे अहमदनगरची निजामशाही, बीदरची बरीदशाही, मोगल आणि १७२४ नंतर हैदराबादचे निजाम अशी सत्ता बदलत गेली. प्रत्येक नव्या सत्तेला सारा गोळा करायला गाव ओळखणारा माणूस लागत होता, म्हणून वतनदार टिकले. अठराव्या शतकात तर इथे एकाच गावावर निजामाचा अंमल आणि मराठ्यांची चौथ-सरदेशमुखी असा दुहेरी वसूल चाले. जमा झालेलं धान्य, रोकड आणि कागद सुरक्षित ठेवायला जागा हवी होती. शिवाय पेंढारी, रोहिले, पगार थकलेले शिपाई आणि भाऊबंदकीतून होणारे हल्ले यांची भीती कायम होती. धाड आली की गावकरी गुराढोरांसह गढीत शिरत. तटाच्या आतलं अंगण घराच्या मानाने फार मोठं ठेवलेलं असतं, त्याचं कारण हेच.

सभासद बखरीत शिवाजी महाराजांनी वतनदारांचे बुरूजवाले वाडे पाडायला लावून त्यांना साधी घरं बांधायला सांगितल्याची नोंद आहे. गढीवाला वतनदार रयतेवर जुलूम करतो आणि राजाला जुमानत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. मराठवाड्याचा बहुतांश भाग स्वराज्याच्या हद्दीबाहेर राहिल्याने तो दंडक इथे लागू झाला नाही. इथे गढ्यांची दाटी इतकी का, हे समजायला ही गोष्ट आम्हाला फार महत्त्वाची वाटते.

मराठवाड्यातली इतिहासाने प्रसिद्ध गढी कोणती?

वेरूळची. घृष्णेश्वराच्या गावात भोसले घराण्याकडे पाटीलकी होती आणि शहाजीराजांचे वडील मालोजीराजे इथलेच. त्यांच्या गढीचे अवशेष उत्खननात मोकळे करण्यात आले असून शेजारी शहाजीराजांचं स्मारक आहे. वर काही उभं नसलं तरी पाया, जोती आणि खोल्यांची आखणी दिसते. लेणी पाहायला येणाऱ्यांपैकी फार थोडे लोक तिकडे वळतात, याचं वाईट वाटतं. जालन्याची हद्द ओलांडली की बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाला लखुजी जाधवांचा राजवाडा आहे. तो मराठवाड्यात मोडत नाही, पण वतनदाराचं बांधकाम ऐपत वाढल्यावर कुठवर जातं हे तिथे पाहायला मिळतं.

लढाईच्या दृष्टीने पाहायचं तर हटकर नाईक नोवसाजी यांनी १८१९ मध्ये नोव्ह्याच्या गढीतून निजामाच्या फौजेला दिलेली झुंज प्रसिद्ध आहे.

मातीची भिंत तोफेपुढे टिकत होती का?

दगडी भिंतीपेक्षा बरी टिकत होती. दगडावर गोळा बसला की तडा जातो, कपच्या उडतात आणि चिरे निखळतात. जाड मातीच्या भिंतीत गोळा रुततो आणि त्याचा जोर तिथेच संपतो. पडलेला भाग रातोरात माती रचून बुजवताही येतो. मातीचा शत्रू तोफ नसून पाणी आहे, आणि हे सूत्र पुढच्या जवळजवळ प्रत्येक उत्तरात येणार आहे.

‘पांढरी’ म्हणजे काय? गढी काळ्या मातीची का नसते?

आपल्याकडे गावाची जमीन दोन भागांत ओळखली जाते. काळीत पीक आणि पांढरीत वस्ती. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. वैशाखात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या सगळ्यांनी पाहिल्या आहेत. अशा मातीची भिंत दोन पावसाळेही सरळ राहणार नाही.

पांढरी माती वस्तीनेच तयार झालेली असते. शेकडो वर्षं माणसं एकाच जागी राहिली, घरं पडली, त्यांवर नवी बांधली, चुलीची राख, शेण, हाडं, चुना सगळं तिथेच मुरत गेलं. त्यातून फिकट रंगाची, बारीक, कमी फुगणारी माती तयार होते. ती खणायची, त्यात भुसा किंवा बारीक काड मिसळून पाणी टाकायचं, पायांनी किंवा बैल फिरवून तुडवायची आणि गारा मुरू द्यायचा. मग एक थर रचायचा, तो वाळला की त्यावर दुसरा. भिंत तळाशी खूप रुंद आणि वर निमुळती होत जाते. पायथ्याला काळ्या दगडाचं जोतं देतात, म्हणजे जमिनीची ओल वर चढत नाही. ऐपत असेल तिथे बाहेरून दगडाचा किंवा पातळ विटांचा मुलामा असतो.

याचा अर्थ असा की गढी गावाच्याच जुन्या थरांतून उभी राहिलेली असते. धाराशिव जिल्ह्यातलं तेर हे सातवाहन काळातलं तगर नगर. तिथल्या पांढरीत सापडलेल्या मातीच्या मूर्ती, मणी, शंखाच्या बांगड्या आणि भांडी रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवली. आज त्यांच्या नावाचं शासकीय संग्रहालय तेरमध्ये आहे. पैठण आणि भोकरदनच्या पांढरीनेही उत्खननात असाच ठेवा दिला. तुमच्या गढीच्या पडक्या भिंतीत खापराचे तुकडे दिसले तर ते भिंतीहून कितीतरी जुने असू शकतात.

दुर्दैवाने हीच माती शेताला खत म्हणून चांगली, म्हणून तिला मागणी आहे. उन्हाळा आला की यंत्र लावून टेकाडं पोखरली जातात आणि ट्रॅक्टर भरून माती शेतात जाते. गावाच्या सगळ्यात जुन्या कागदपत्रांची ही विल्हेवाट आहे असंच आम्ही मानतो. ती थांबवण्यासाठी ग्रामसभेत ठराव करता येतो. परवानगीशिवाय मातीचं उत्खनन आणि वाहतूक करणं गौण खनिजाच्या नियमांत बसत नाही, त्यामुळे तहसीलदारांकडे तक्रारही करता येते.

दरवाजातून आत गेल्यावर काय काय असतं?

मोठ्या दरवाजाला सागाची जाड फळी, लोखंडी पट्ट्या आणि खिळे. एका दारात छोटी दिंडी, म्हणजे रोजच्या ये-जा करण्यापुरतं वाकून शिरायचं दार. आतून भिंतीच्या भोकात सरकणारा अडसर. दरवाजाच्या दोन्ही अंगांना देवड्या, पहारेकऱ्यांसाठी. वाट सहसा सरळ आत जात नाही, एक वळण घेते. शत्रूला धाव घेता येऊ नये हा हेतू, आणि चौकातल्या बायकांवर रस्त्यावरून नजर पडत नाही हाही उपयोग. तटावर जंग्या, म्हणजे बंदुकीसाठी तिरपी भोकं.

त्यानंतर ढाळज. मराठवाड्यातल्या वाड्याचा खरा जिवंत भाग हाच, असं आम्हाला वाटतं. दाराला लागून असलेला हा उंच ओटा, एका बाजूने उघडा. न्यायनिवाडा, वसुली, आल्यागेल्याचं चहापाणी, पोथी, जेवणानंतरच्या गप्पा, सगळं ढाळजेत. परक्या माणसाचा वाड्याशी संबंध बहुतेक इथेच संपायचा.

ढाळजेतून चौकात. मध्ये उघडं आकाश, फरशी, तुळशीवृंदावन, कधी हौद, कधी आड. चारी बाजूंनी सोपे, म्हणजे चौकाकडे उघड्या ओसऱ्या, असले की तो चौसोपी वाडा. मोठ्या घराण्यांत पुढचा चौक पुरुषांचा आणि कारभाराचा, मागचा बायकांचा. सोप्यामागे माजघर, त्याला लागून देवघर आणि स्वयंपाकघर, आणि एक अंधारी, उबदार बाळंतिणीची खोली. माडीवर जायला भिंतीच्या जाडीतच काढलेला अरुंद जिना असतो. एका वेळी एकच माणूस चढू शकतो, म्हणजे वर उभा असलेला एकटा माणूस जिना राखू शकतो. मागे न्हाणी, परस, गोठा. घोडी बाळगणाऱ्यांकडे पागा.

घराचं माप फुटांत सांगत नसत, खणांत सांगत. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण. जुन्या वाटणीपत्रांत ‘पूर्वेकडील तीन खण’ असं लिहिलेलं सापडतं, ते समजलं नाही तर वाड्याचा नकाशा जुळत नाही.

माळवद कसं बांधतात? ते गळत नाही का?

कोकणात उतरतं कौलारू छप्पर लागतं, कारण पाऊस धो धो. मराठवाड्यात वर्षाचा पाऊस साधारण सातशे-आठशे मिलिमीटर, आणि उन्हाळा चाळिशीच्या वर. म्हणून इथे सपाट, जाड, मातीचं माळवद. कुठे त्याला धाबं म्हणतात.

खाली दगडी तळखडा. त्यावर सागाचा खांब उभा करतात, म्हणजे लाकडाचा पाय ओलीत जात नाही. खांबाच्या डोक्यावर दोन्हीकडे पसरलेले हस्त, त्यावर तुळई आणि तुळयांवर आडवे सर. त्यावर श्रीमंताघरी रंधलेल्या फळ्या, साध्या घरी फोडलेल्या लाकडांचे किलचे. मग तुराट्या किंवा तरवडाच्या फांद्या, त्यावर लिंबाचा किंवा पळसाचा पाला. पाल्यामुळे माती खाली झरत नाही, आणि कडुलिंबाला कीड कमी लागते. त्यावर ओला गारा, आणि शेवटी चाळलेली पांढरी माती धुम्मसाने ठोकून. सगळा उतार पन्हाळीकडे. उजेडासाठी आणि चुलीच्या धुरासाठी मधे एक भोक, त्याला सवणं म्हणतात. पावसात त्यावर परात किंवा दगडी झाकण पालथं घालायचं.

नीट राखलेलं माळवद गळत नाही. नीट राखणं म्हणजे दरवर्षी मृगाच्या आधी वर चढून गवत उपटायचं, भेगा बुजवायच्या, पन्हाळी मोकळ्या करायच्या आणि हवी तिथे नवी माती टाकायची. हे काम एक वर्ष चुकलं की भेगेतून पाणी शिरतं, पाला कुजतो आणि सर सडायला लागतो. तीन-चार वर्षं चुकलं की खण बसतो. शहरात गेलेल्या वारसांना वाडा अचानक पडला असं वाटतं. प्रत्यक्षात तो त्या वर्षांपासून पडत आलेला असतो, ज्या वर्षी माळवदावर शेवटचा माणूस चढला.

माळवद म्हणजे घराचा आणखी एक मजला होता, हेही लक्षात ठेवायला हवं. कुरडया, शेवया, मिरच्या, डाळी वाळायच्या त्या तिथेच. उन्हाळ्यात अंथरुणं तिथेच. शेजारघरांची माळवदं एकमेकांना लागून असल्याने बायका रस्त्यावर न उतरता या घरातून त्या घरात जात.

बळद आणि पेव यांत काय फरक?

बळद म्हणजे भिंतीतलं किंवा खोलीच्या कोपऱ्यातलं बंदिस्त धान्यकोठार. वरून धान्य ओतायचं, खालच्या लहान तोंडातून काढायचं. आत माती-शेणाचं लिंपण आणि धान्यात लिंबाचा पाला. पेव जमिनीखाली असतं. वर अरुंद तोंड, खाली फुगीर पोट, ज्वारीसाठी. तोंड मातीने बंद केलं की आत हवा राहत नाही आणि किडीला जगता येत नाही. पेव उघडल्यावर लगेच आत उतरू नये. कोंडलेल्या हवेने माणसं दगावली आहेत. जुन्या गढीत पाहणी करताना पाय कुठे पडतोय याकडे लक्ष द्या, कारण पेवाची तोंडं गवताखाली झाकलेली असतात.

किल्लारीच्या भूकंपात मातीची-दगडाची घरं पडली. मग ही बांधणी वाईटच नाही का?

हा प्रश्न लातूर-धाराशिवकडचे लोक विचारतात आणि त्यांना तो विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. गणेश विसर्जन आटोपून लोक झोपले होते. सुमारे दहा हजार माणसं गेली, त्यातली बहुतेक आपल्याच घराच्या भिंतीखाली आणि माळवदाखाली.

कारणं नीट समजून घेतली पाहिजेत. पहिलं, भिंती. तिथल्या भिंती दोन पदरी होत्या. आतला आणि बाहेरचा थर गोलसर दगडांचा, मध्ये चिखल आणि खडी. दोन्ही पदरांना आरपार बांधणारे लांब दगड घातलेले नव्हते. हादरा बसताच पदर सुटले आणि दगड आत-बाहेर ढासळले. दुसरं, माळवदाचं ओझं. दरवर्षी वर नवी माती टाकायची आणि जुनी काढायची नाही, असं पिढ्यान्‌पिढ्या झालं. थर फूट-दोन फूट आणि काही ठिकाणी त्याहून जाड झाला. गळती थांबवणारी मातीच डोक्यावरचा भार झाली.

तिसरी गोष्ट फार कमी सांगितली जाते. जिथे छताचा भार भिंतीवर नसून लाकडी खांब-तुळईच्या सांगाड्यावर होता आणि सांधे घट्ट होते, तिथे अनेक घरांत भिंती पडूनही सांगाडा उभा राहिला. म्हणजे जुन्या सुताराचं कसब चुकलं नव्हतं. चुकलं ते भिंतींचं बांधकाम आणि वाढत गेलेलं ओझं.

म्हणून आज कुणी माळवदाच्या वाड्यात राहत असेल तर चार गोष्टी कराव्यात. माळवदावरची जास्तीची माती उतरवून थर पातळ करावा. भिंतीत ठरावीक अंतराने आरपार दगड किंवा काँक्रीटचे जोड द्यावेत. खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरपे आधार ठोकावेत. भिंतींच्या वर चहूबाजूंनी सलग पट्टा बांधावा. हे काम जाणकार अभियंत्याच्या देखरेखीखालीच व्हायला हवं. धोका फक्त किल्लारीपुरता आहे असंही समजू नये. २०२४ मध्ये मार्चला आणि पुन्हा जुलैला हिंगोली परिसरात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले आणि ते नांदेड-परभणीपर्यंत जाणवले.

वाडा किती जुना आहे हे कसं ओळखायचं?

घराण्याचं वतन चारशे वर्षांचं असलं तरी समोरचा वाडा तेवढा जुना असेलच असं नाही. माळवद आणि लाकूड पुन्हा पुन्हा बदललं जातं, दरवाजा आणि बुरूज जास्त टिकतात. सुरूच्या झाडासारखे निमुळते खांब, केळफुलाची नक्षी आणि महिरपी दिसल्या तर ते काम साधारण अठराव्या शतकापासून पुढचं धरायला हरकत नाही. लोखंडी रूळ टाकून त्यावर शहाबादी फरशीचं छत असेल तर ते बहुधा १९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद रेल्वे सुरू झाल्यानंतरचं. दरवाजावर किंवा विहिरीवर लेख असेल तर सन नीट वाचा. शके असेल तर ७८ मिळवा आणि फसली असेल तर ५९०, म्हणजे इसवी सन मिळतो. हिजरी सन चांद्र असल्याने त्याला असा सरळ हिशेब चालत नाही.

पायात मंदिराचे कोरीव चिरे दिसले म्हणून वाडा यादवकालीन ठरत नाही. पडक्या मंदिरांचे दगड पुन्हा वापरण्याची रीत सगळीकडेच होती.

गढीपासून किल्ल्यापर्यंत भुयार आहे म्हणतात, खरं का?

कोसभर लांबीची भुयारं जवळजवळ प्रत्येक गावात सांगितली जातात. प्रत्यक्षात सापडतात ती तळघरं, पेवं, आडाकडे उतरणाऱ्या पायऱ्या आणि फार तर तटाबाहेर निघणारी छोटी चोरवाट. काळ्या पाषाणात मैलभर बोगदा खोदणं गावच्या वतनदाराच्या आवाक्यात नव्हतं.

गुप्तधनाचं काय?

लोक मडक्यात पैसे पुरत, हे खरं. पण गुप्तधनासाठी खोदलेल्या खड्ड्यांनी जेवढे बुरूज पडले, त्याचं नुकसान कुठलंच धन भरून काढणार नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं. मांत्रिक आणून अघोरी विधी करणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. कुणी गढीवर रात्री खोदत असेल तर पोलीस पाटलांना सांगा.

गढी बांधणारे हात कोणाचे होते?

वतनदाराचं नाव कागदावर राहिलं. दगड फोडला वडारांनी, घडवला पाथरवटांनी, वीट भाजली कुंभारांनी, खांब कोरले सुतारांनी, कड्या-कोयंडे लोहारांनी. चुन्याच्या घाणीत बैल फिरवून, त्यात गूळ, बेलफळ, हिरडा घालून चुना मुरवणारेही गावातलेच. यातलं बरंचसं काम वेठीचं, म्हणजे मजुरी न देता करून घेतलेलं. ज्यांना त्या काळाने अस्पृश्य ठरवलं, त्या महार-मांग समाजाच्या माणसांनी वेस राखली, सांगावे नेले, गढीसाठी माती वाहिली, आणि त्यांना ढाळजेची पायरी चढता येत नव्हती. गढीचा इतिहास लिहिताना हे गाळलं तर तो अर्धाच राहतो. गावात माहिती गोळा करायला जाल तेव्हा आधी या घरांत जा. वाड्याच्या मालकांना ठाऊक नसलेल्या गोष्टी तिथल्या म्हाताऱ्या माणसांना माहीत असतात.

मग गढ्या ओस का पडल्या?

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान मुक्त झालं. त्याआधीच्या वर्षात रझाकारांच्या भीतीने अनेक गावांनी गढीचा आसरा घेतला होता. गढीचा तो शेवटचा उपयोग म्हणायला हवा. १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या, १९५० च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला हक्क मिळाले, १९६१ चा कमाल जमीन धारणेचा कायदा आला आणि १९६२ च्या कायद्याने महसुली पाटलांचं पदही गेलं. हे सगळे बदल न्यायाचेच होते. पण गढी ज्या उत्पन्नावर चाले ते संपलं. वाटण्या झाल्या, चौकात भिंती उभ्या राहिल्या, मुलं शिकून संभाजीनगरला, पुण्याला गेली. त्यानंतर जुन्या लाकडाचे व्यापारी आले. कोरीव चौकट, हस्त, खांब ट्रकमधून गेले आणि शहरातल्या हॉटेलांत आणि बंगल्यांत बसवले गेले. खांब काढला की माळवद पडतं, हे विकणाऱ्याला ठाऊक असतं, पण घर चालवायला पैसा लागतो. अशा मालकांना दोष देण्यात अर्थ नाही.

आमच्या गढीची मालकी कोणाची आहे?

अंदाजावर जाऊ नका. ग्रामपंचायतीचा नमुना ८, गावठाणाचं भूमापन झालं असेल तर मालमत्ता पत्रक, आणि जुना पुरावा म्हणून निजामकाळातला सेतवार व १९५४-५५ चं खासरा पत्रक पाहा. जुने कागद उर्दूत आणि मोडीत असतात, त्यांचं वाचन जाणकाराकडून करून घ्या. स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजली जात आहेत. तुमच्या गावाची मोजणी होताना गढीची हद्द नीट दाखवली जाते का, ते उभं राहून पाहा.

दुरुस्ती करताना कोणती चूक टाळावी?

सिमेंट. मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा दिला की भिंतीतली ओल बाहेर पडत नाही, आतल्या आत माती भुसभुशीत होते आणि दोन-चार वर्षांत गिलाव्यासकट भिंत सुटते. मातीला माती आणि चुन्याला चुनाच लावा. जुन्या मातीच्या भिंतीवर सिमेंटचा स्लॅब टाकण्याचा विचारही करू नका.

पैसा कमी असेल तर आधी पाणी थांबवा. पन्हाळी मोकळ्या करा, भिंतीच्या पायथ्याचं पाणी चर काढून लांब न्या, माळवदावर तात्पुरती पत्र्याची हलकी सावली करा. पिंपळाची मुळं ओढून काढू नका, भिंत बरोबर येते. खोड कापून वारंवार फुटवा खुडावा लागतो. रंग, नक्षी, फरशी हे सगळं नंतर.

सरकार गढी संरक्षित करतं का?

महाराष्ट्राच्या १९६० च्या प्राचीन स्मारक कायद्याखाली राज्य पुरातत्त्व संचालनालय एखादी वास्तू राज्य संरक्षित घोषित करू शकतं. आधी प्राथमिक अधिसूचना, हरकती, मग अंतिम अधिसूचना. मराठवाड्यासाठी विभागाची कार्यालयं छत्रपती संभाजीनगर आणि नांदेडला आहेत. पण गढ्या फार, निधी थोडा. अर्ज जरूर करा, सोबत नकाशे, छायाचित्रं आणि ग्रामसभेचा ठराव जोडा, मात्र माळवदावरचं गवत उपटायला अधिसूचनेची वाट पाहू नका.

विद्यार्थ्यांनी नोंदणी कुठून सुरू करावी?

आधी तोंडी माहिती, मग मोजमाप. पोळ्याला मानाची बैलजोडी कुठून निघते, दसऱ्याला सोनं द्यायला गाव कुठे जमतं, बुरुजावर मारुती आहे की पीर, हे विचारा. त्यातून गढीचा आणि गावाचा संबंध नकाशापेक्षा लवकर कळतो. प्रत्येक भागाचं नाव त्या गावात जे चालतं तेच लिहा, तीस मैलांवर तीच वस्तू वेगळ्या नावाने ओळखली जाते. माळवदाचे थर दिसतील असा पडका कोपरा असेल तर त्याचं छायाचित्र मोजपट्टी ठेवून काढा, कारण पुढच्या पावसात तो राहणार नाही. खांबांचे आणि हस्तांचे आकार कागदावर उतरवा. सुताराचं घर गावात उरलं असेल तर त्यांना सांध्यांची नावं विचारा.

सोबत दोघे तरी असू द्या. पावसाळ्यात आणि पावसाळा संपल्यावरचा महिनाभर पडक्या माळवदाखाली जाऊ नका, ओल्या मातीचं वजन तेव्हा सगळ्यात जास्त असतं. तुळई मधोमध वाकलेली किंवा भिंतीतून सुटलेली दिसली तर त्या खणाचं माप बाहेरूनच घ्या.